मुलाखतकार विद्यार्थी

रेडिओवर एखाद्या कलावंताची मुलाखत ऐकताना श्रोत्याचे लक्ष साहजिकच उत्तरांकडे असते. प्रश्न कोणी विचारले, हे पुष्कळदा त्याच्या स्मरणातही राहत नाही. तरीही ती उत्तरे मिळतात ती प्रश्न विचारणाऱ्यामुळेच. त्याने कोणता प्रश्न विचारला, कोणता टाळला, कोठे बोलला आणि कोठे थांबला, यांवर मुलाखतीचे यश अवलंबून असते. हे काम वरवर सोपे वाटते, कारण बोलणे सर्वांनाच येते. परंतु मायक्रोफोनसमोर बसल्यावर भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते. अशाच एका प्रसंगातून गेलेल्या विद्यार्थ्याची हकिकत मुलाखतीची कला समजून घेण्यास उपयोगी पडते.

सिलोनचा आवाज

1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्र सरकारात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा प्रसार व्हावा, लोकांची अभिरुची घडावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांना मात्र ती गाणी हवीच होती. त्यांनी आपल्या रेडिओचे काटे कोलंबोकडे वळवले. तेथील रेडिओ सिलोनच्या लघुलहरी भारतभर ऐकू येत असत. त्याच वर्षी या केंद्रावरून ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि अमीन सयानी यांचा आवाज घराघरांत पोहोचला.

हे कार्यक्रम कोलंबोहून प्रसारित होत असले, तरी त्यांतील पुष्कळसे मुंबईत ध्वनिमुद्रित होत आणि त्यांच्या फिती विमानाने कोलंबोस जात. त्यांचा खर्च टूथपेस्ट, चहा यांसारख्या वस्तूंचे उत्पादक उचलत. चित्रपटसृष्टी मुंबईत, ध्वनिमुद्रण मुंबईत आणि श्रोते देशभर, अशी ही रचना होती. त्यामुळे शुद्ध उच्चार आणि स्वच्छ आवाज असलेल्या तरुणांना येथे एक नवे क्षेत्र खुले झाले. पुढे 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली आणि दुरावलेले श्रोते पुन्हा आपल्याकडे वळवण्याचा प्रयत्न केला.

नोकरी, शिक्षण आणि रेडिओ

या काळात मुंबईच्या जयहिंद महाविद्यालयात बलराज दत्त नावाचा एक विद्यार्थी शिकत होता. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या सिंधी प्राध्यापकांनी 1948 साली हे महाविद्यालय स्थापन केले होते. बलराजही फाळणीत घर गमावलेलाच होता. त्याचे गाव झेलम जिल्ह्यातील. वडील तो पाच वर्षांचा असतानाच वारले होते. फाळणीच्या दंगलीत त्याच्या कुटुंबाचे प्राण वडिलांच्या एका मुसलमान मित्राने वाचवले. पुढे यमुनाकाठचे एक खेडे, मग लखनौ आणि शेवटी मुंबई, असा त्याचा प्रवास झाला.

मुंबईत शिक्षण घ्यायचे तर पोटापाण्याची सोय स्वतःलाच करावी लागणार होती. बलराजने शहरातील बसगाड्या चालवणाऱ्या बेस्ट या उपक्रमात नोकरी धरली आणि नोकरी सांभाळून तो पदवीचा अभ्यास करू लागला. त्याची भाषा सफाईदार होती आणि आवाज भारदस्त होता. या गुणांच्या बळावर त्याला रेडिओ सिलोनसाठी चित्रपट कलावंतांच्या मुलाखती घेण्याचे काम मिळाले. ‘लिप्टन की महफिल’ या कार्यक्रमात त्याने अनेक नामवंतांशी संवाद साधला.

एके दिवशी त्याच्यासमोर नर्गिस यांची मुलाखत घेण्याचा प्रसंग आला. ‘आवारा’सारख्या चित्रपटांमुळे त्या वेळी त्यांची कीर्ती शिखरावर होती. असे सांगितले जाते, की त्या समोर येऊन बसल्या आणि बलराजच्या तोंडून शब्दच फुटेना. एकही प्रश्न धड विचारता आला नाही आणि ती मुलाखत रद्द करावी लागली. ज्या तरुणाचा उदरनिर्वाह आवाजावर चालला होता, त्याचा आवाजच ऐन वेळी त्याला सोडून गेला.

त्याने हे काम मात्र सोडले नाही. 1953 साली पडद्यावर आलेल्या ‘शिकस्त’ या चित्रपटाचे चित्रीकरण चालू असताना तो दिलीपकुमार यांची मुलाखत घेण्यासाठी तेथे गेला. दिग्दर्शक रमेश सैगल यांच्या नजरेत त्याचे व्यक्तिमत्त्व आणि आवाज भरला. त्यांनी त्याला आपल्या पुढील चित्रपटात भूमिका देऊ केली. बलराज साहनी हे नाव आधीच प्रसिद्ध होते. म्हणून या नव्या नटाचे नाव सुनील दत्त असे ठेवण्यात आले. ‘रेल्वे प्लॅटफॉर्म’ हा त्यांचा पहिला चित्रपट 1955 मध्ये प्रदर्शित झाला. ज्यांच्यासमोर त्यांची वाचा बंद झाली होती, त्या नर्गिस यांच्याबरोबर त्यांनी ‘मदर इंडिया’त काम केले आणि 1958 साली त्या दोघांचा विवाह झाला.

पूर्वतयारीचे महत्त्व

मुलाखतकाराला वाटणारी भीती ही लाजिरवाणी गोष्ट नाही. समोरच्या व्यक्तीविषयीचा आदर आणि आपल्या कामाची जबाबदारी यांतून ती निर्माण होते. ती पूर्णपणे नाहीशी होत नाही. पण पूर्वतयारीने तिला आवर घालता येतो. पहिले दोन-तीन प्रश्न नेमके ठरलेले असले, उच्चार तपासलेले असले आणि यंत्र आधीच चालवून पाहिलेले असले, की मन बरेचसे स्थिर होते.

पूर्वतयारीचा दुसरा उपयोग याहून मोठा आहे. समजा, एखादी विद्यार्थिनी सिंधुदुर्गातील एका दशावतारी कलावंताची मुलाखत घेण्यास गेली आहे. ‘इतके संवाद तुम्ही पाठ कसे करता?’ असा प्रश्न तिने विचारला, तर तिचा अभ्यास झालेला नाही, हे तो कलावंत तत्काळ ओळखेल. कारण परंपरागत दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेले असते आणि संवाद कलावंत रंगमंचावर उत्स्फूर्तपणे रचतात. हे ठाऊक असलेली विद्यार्थिनी वेगळा प्रश्न विचारील: ‘समोरच्या पात्राने अनपेक्षित वाक्य टाकले, तर तुम्ही कथानक पुन्हा मार्गावर कसे आणता?’ पहिल्या प्रश्नाला कलावंत हसून एखादे मोघम उत्तर देईल. दुसऱ्या प्रश्नाला मात्र तो जत्रेतील रात्री, जुने सहकारी आणि फसलेले प्रसंग यांच्या आठवणी सांगू लागेल. अभ्यास हा मुलाखतकाराने समोरच्या व्यक्तीला दिलेला मान असतो आणि त्याची परतफेड मोकळ्या बोलण्याने होते.

प्रश्न आणि श्रवण

प्रश्नांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. ‘तुम्हांला हे काम आवडते का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात संपते. ‘या कामातील कोणता भाग तुम्हांला सर्वांत कठीण वाटतो?’ हा प्रश्न मात्र बोलणाऱ्याला विचार करायला लावतो. पहिल्या प्रकारचे प्रश्न माहितीची खातरजमा करण्यासाठी वापरावेत आणि दुसऱ्या प्रकारचे अनुभव जाणून घेण्यासाठी. एका वेळी एकच प्रश्न विचारावा. तीन प्रश्न एकत्र गुंफले, तर पाहुणा त्यांतील सर्वांत सोपा प्रश्न निवडतो आणि उरलेले दोन वाया जातात.

नवख्या मुलाखतकाराची सर्वांत मोठी चूक म्हणजे उत्तर न ऐकणे. पाहुणा बोलत असताना त्याची नजर कागदावरील पुढच्या प्रश्नावर खिळलेली असते. पाहुण्याने ‘त्या वर्षी आमची मंडळी बंद पडायच्या बेतात होती’ असे सांगावे आणि यावर ‘आपला आवडता रंग कोणता?’ असे विचारले जावे, असे प्रसंग त्यामुळे घडतात. प्रश्नांची यादी जवळ असावी. पण उत्तरातून नवा प्रश्न सापडला, तर यादी बाजूला ठेवण्याचे धैर्यही असावे.

श्रवणाशी जोडलेला दुसरा गुण म्हणजे शांतता सहन करण्याची तयारी. रेडिओवर क्षणभराची शांतताही मोठी वाटते आणि ती भरून काढण्याची घाई होते. परंतु एखादी कठीण आठवण सांगण्यापूर्वी माणूस थांबतो. त्या वेळी मुलाखतकार मध्येच बोलला, तर ती आठवण तेथेच विरून जाते. थांबण्याचेही दोन अर्थ असतात. एक मुलाखतकार भीतीने गप्प होतो आणि दुसरा समोरच्याला अवकाश देण्यासाठी. श्रोत्यांना या दोहोंतील फरक चटकन कळतो.

भाषेचा विचारही महत्त्वाचा आहे. अमीन सयानी यांच्या मातोश्री कुलसुम सयानी या नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचे नियतकालिक चालवीत. ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती या तीन लिप्यांत निघे आणि त्याची भाषा सोपी हिंदुस्थानी असे. या कामात अमीन सयानी आईला मदत करीत. रेडिओवर त्यांची सहज समजणारी जी भाषा ऐकू आली, तिची घडण येथे झाली. सोपे बोलण्यासाठीही परिश्रम करावे लागतात, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

मनोरंजनाची बातमी

नाटक, चित्रपट, संगीत यांविषयीचे वार्तांकन हलकेफुलके मानले जाते. वस्तुतः त्याचेही नियम इतर वार्तांकनाइतकेच काटेकोर आहेत. येथे बातमी आणि जाहिरात यांच्यातील सीमारेषा फार पुसट असते. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या सुमारास कलावंत मुलाखतीस सहज उपलब्ध होतात, कारण त्यांना प्रसिद्धी हवी असते. त्यांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी प्रसारित केली, तर वार्ताहर जाहिरातदाराचा विनामूल्य मदतनीस ठरतो. प्रयोग किती झाले, प्रेक्षक किती होते, पारितोषिक कोणी दिले, या गोष्टी दुसऱ्या मार्गानेही तपासून घेतल्या पाहिजेत.

ज्याप्रमाणे स्तुती तपासावी, त्याचप्रमाणे अफवाही तपासावी. कलावंत लोकांसमोर येतो, म्हणून त्याचे घर, आजारपण आणि नातेसंबंध लोकांच्या मालकीचे होत नाहीत. ‘हे प्रसारित करू नका’ असे सांगून त्याने काही कथन केले आणि मुलाखतकाराने ते मान्य केले, तर तो शब्द पाळला पाहिजे. ध्वनिमुद्रणाची काटछाट करताना उत्तराचा अर्थ बदलणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते. ‘मला हे नाटक आवडले नाही असे नाही’ या वाक्यातील शेवटचे दोन शब्द कापले, तर नेमका उलट अर्थ होतो आणि एखाद्याची वर्षानुवर्षांची मैत्री तुटू शकते.

त्याचबरोबर पडद्यामागील माणसांकडेही लक्ष द्यावे. प्रकाशयोजनाकार, रंगभूषाकार, नेपथ्य उभारणारे कामगार, हार्मोनियमवादक यांना क्वचितच कोणी प्रश्न विचारतो. प्रसिद्ध व्यक्तीने तेच उत्तर अनेकदा दिलेले असते. या लोकांची उत्तरे मात्र ताजी असतात, कारण ती पहिल्यांदाच विचारली गेलेली असतात.

विद्यार्थ्यांची स्वतःची केंद्रे

बलराज दत्त यांच्या काळात विद्यार्थ्याला आपला आवाज दुसऱ्याच्या केंद्रावरून ऐकवावा लागत असे. आकाशवाणीने 1969 साली दिल्लीहून ‘युववाणी’ सुरू करून तरुणांना हक्काची जागा दिली. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर 2002 साली केंद्र सरकारने शिक्षणसंस्थांना रेडिओ केंद्र चालवण्याची परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. 1 फेब्रुवारी 2004 रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात ‘अण्णा एफएम’ सुरू झाले. विद्यापीठाच्या आवारातून चालणारे हे देशातील पहिले सामुदायिक केंद्र होय. 2006 च्या धोरणाने हा मार्ग स्वयंसेवी संस्थांनाही खुला केला. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आणि सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथील ‘माणदेशी तरंग’ ही महाराष्ट्रातील अशा केंद्रांची उदाहरणे होत.

ही केंद्रे कमी शक्तीची असतात. साधारणपणे पाच ते दहा किलोमीटर एवढ्याच परिसरात ती ऐकू येतात. त्यांना स्वतंत्रपणे राजकीय बातम्या देता येत नाहीत. परंतु स्थानिक सण, उत्सव आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांची माहिती देण्याची मुभा असते. ही मर्यादाच विद्यार्थ्यासाठी संधी ठरते. देशभर गाजलेला नट त्याला मिळणार नाही. पण शेजारच्या गल्लीत राहणारा शाहीर, गावातील भजनी मंडळ किंवा शाळेच्या नाटकाला कपडे शिवून देणारा शिंपी त्याला निश्चित भेटेल. आणि ऐकणारे त्यांना ओळखत असल्यामुळे चुकीचे नाव किंवा खोटी माहिती तेथे लगेच पकडली जाईल.

सुनील दत्त पुढे लोकप्रिय नट झाले, निर्माते झाले आणि संसदेतही गेले. 2004 साली ते केंद्रात युवक कल्याण व क्रीडा खात्याचे मंत्री झाले आणि त्या पदावर असतानाच 25 मे 2005 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या दीर्घ कारकिर्दीत त्यांनी स्वतःही असंख्य मुलाखती दिल्या. त्यांपैकी कितीतरी मुलाखती घेणारे तरुण त्यांच्यासमोर बावरलेले असतील. नोकरी सांभाळून शिकणारा, हातात प्रश्नांचा कागद घेऊन गप्प बसलेला एक विद्यार्थी मात्र त्यांना चांगलाच परिचयाचा होता.