सस्पेन्स सस्पेन्शनचा!

पहिली माउंटन बाइक घ्यायचं ठरलंय, पण हार्डटेल, फुल सस्पेन्शन, ट्रॅव्हल, लॉकआउट हे शब्द ऐकून डोकं गरगरतंय? मग खिशात हात घालण्याआधी हे वाचाच.

नोकरीतला पहिला बोनस हातात पडला आणि मी थेट सायकलच्या दुकानात गेलो. लालभडक रंग, जाडजूड टायर, पुढे शॉकअप आणि सीटखाली आणखी एक भलीमोठी स्प्रिंग. बघताक्षणी विकेट पडली! "डबल शॉकअप आहे साहेब, खड्डा कळणारसुद्धा नाही," दुकानदार म्हणाला.

खड्डा खरंच कळला नाही. सिंहगडाचा घाट मात्र चांगलाच कळला! ऑफिसच्या ग्रुपबरोबर पहिल्याच रविवारी निघालो. चढ लागला आणि प्रत्येक पायडलला सायकल झोपाळ्यासारखी खाली-वर डुलायला लागली. ग्रुपमधले बाकीचे वर पोचून कांदाभजी आणि मटक्यातलं दही हाणत होते, तेव्हा मी अर्ध्या घाटात सतरा-अठरा किलोचं ते धूड ढकलत होतो. सोमवारी ऑफिसात चेष्टा झाली, ती वेगळीच. पुढचे आठ महिने सायकल गॅलरीत उभी. तिच्या हँडलवर टॉवेल छान वाळायचे.

शेवटी दिवाळीच्या साफसफाईत आई वैतागली, "चालव तरी, नाहीतर विकून टाक!" कोपऱ्यावरच्या मेकॅनिक काकांकडे नेली. त्यांनी सीटवर तळहात दाबला, सायकल दोन-तीनदा उसळली. "तुमच्या पायात दम आहे हो," काका म्हणाले, "पण निम्मा दम ही स्प्रिंगच खातीये!"

मला आठ महिने वाटत होतं, की आपलाच स्टॅमिना कमी. प्रॉब्लेम निवडीत होता. तुमचा बोनस तरी वाचावा म्हणून हा सगळा फंडा.

शॉकअप नेमकं करतो काय?

दोन कामं. एक म्हणजे हातापाठीला बसणारे दणके कमी करणं. दुसरं काम जास्त महत्त्वाचं, ते म्हणजे खडबडीत जमिनीवर चाक टेकलेलं ठेवणं. चाक हवेत असेल तर ब्रेकही लागत नाही आणि वळणही नीट घेता येत नाही.

यासाठी नुसती स्प्रिंग पुरत नाही. दाबलेली स्प्रिंग तितक्याच जोरात परत उसळते. तिला लगाम घालायला चांगल्या शॉकअपमध्ये तेलाचं डॅम्पिंग असतं. अगदी स्वस्तातल्या शॉकअपमध्ये बऱ्याचदा हा लगामच नसतो. माझ्या सायकलची गोम हीच होती!

गंमत म्हणजे माउंटन बाइकिंगची सुरुवात शॉकअपशिवायच झाली. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली पिटाळायची. रॉकशॉक्स कंपनी निघाली १९८९ मध्ये, आणि त्यानंतर पुढच्या चिमट्यातलं सस्पेन्शन सगळीकडे पसरलं.

तीन पर्याय

रिजिड : पुढे-मागे कुठेच सस्पेन्शन नाही. वजनाला हलकी, किमतीला कमी, मेंटेनन्स जवळपास शून्य. रोज ऑफिसला जायचं आणि कधीतरी कच्च्या रस्त्यावर चक्कर मारायची, एवढंच असेल तर ही मस्त. दोन इंचांच्या आसपासचे टायर असतील आणि हवा दगडासारखी टाइट भरली नसेल, तर बारीकसारीक दणके टायरच पचवतात.

हार्डटेल : पुढे शॉकअप, मागे कडक फ्रेम. पायडलवरची ताकद मागच्या चाकाला पोचते, वाटेत डुलण्यात वाया जात नाही. चढावर पळते, उतारावर सांभाळून घेते. शिवाय दगड चुकवायला आणि योग्य वेळी सीटवरून उठायला शिकवते. नवशिक्यांपैकी बहुतेकांसाठी उत्तर इथेच संपतं.

फुल सस्पेन्शन : पुढे आणि मागेही. खडकाळ उतारावर हिला तोड नाही. पण मागचे सांधे, बेअरिंग, शॉक हे सगळं चांगल्या दर्जाचं हवं, आणि तशी सायकल आपल्याकडे लाखाच्या पुढे जाते. हार्डटेलच्या किमतीत फुल सस्पेन्शन मिळत असेल, तर खूश होऊ नका. कुठेतरी काटकसर केलेली असणारच.

ट्रॅव्हल म्हणजे किती?

शॉकअप जास्तीत जास्त जेवढा दबू शकतो, तो त्याचा ट्रॅव्हल. क्रॉस कंट्रीसाठी साधारण १०० ते १२० मिलिमीटर, ट्रेल बाइकला १२० ते १५०. डोंगरावरून नुसतं खाली सुटणाऱ्या डाउनहिल बाइकला २००च्या आसपास. हायब्रिड सायकलींना पुष्कळदा ६० मिलिमीटरच्या आसपासच असतो, तो फक्त रस्त्यावरच्या खड्ड्यांपुरता.

जास्त ट्रॅव्हल म्हणजे जास्त चांगलं, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. ट्रॅव्हल वाढला की सहसा वजन आणि किंमतही वाढते. आठवडाभर सिग्नल आणि स्पीडब्रेकर, विकेंडला घाट आणि मातीच्या वाटा, असं शेड्यूल असेल तर १०० मिलिमीटर भरपूर झाले.

स्प्रिंग की हवा?

कॉइल शॉकअपमध्ये धातूची स्प्रिंग असते. स्वस्त, दणकट, पण जड. तुमच्या वजनाला ती फारच मऊ किंवा कडक असेल, तर स्प्रिंगच बदलावी लागते. प्रीलोडचा नॉब फिरवून फरक पडतो, पण थोडाच.

एअर शॉकअपमध्ये स्प्रिंगचं काम हवा करते. तो हलका असतो आणि वजनाप्रमाणे हवा कमी-जास्त करता येते. पंचावन्न किलोची मैत्रीण आणि नव्वद किलोचे तुम्ही, दोघांचं भागतं. फक्त त्यासाठी खास शॉक पंप लागतो, टायरचा साधा पंप चालत नाही.

बजेट ताणता येत असेल, तर या दोन गोष्टींसाठी ताणा. पहिली म्हणजे लॉकआउट. खटका फिरवला की शॉकअप जवळजवळ कडक होतो, चढावर आणि गुळगुळीत रस्त्यावर वरदानच! दुसरी म्हणजे रिबाउंड अॅडजस्टमेंट, म्हणजे दबलेला शॉकअप किती वेगाने परत यावा याचा कंट्रोल.

दुकानात हे करा

- पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात दाबा आणि सोडा. शॉकअप टणकन उसळून वर आदळला, तर डॅम्पिंग यथातथाच.
- सॅग तपासा. शॉकअपच्या नळीवर रबर रिंग सरकवून खाली टेकवा, नेहमीच्या पोझमध्ये अलगद बसा, अलगद उतरा. १०० मिलिमीटरच्या शॉकअपमध्ये रिंग २० ते २५ मिलिमीटर सरकली, तर सेटिंग साधारण बरोबर.
- टेस्ट राइड चढावर घ्या. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर सगळ्याच सायकली भारी वाटतात.
- सर्व्हिसिंग कोण करणार, ते आधीच विचारा. काही कंपन्या दर ५० तासांच्या राइडनंतर शॉकअपची सर्व्हिस सांगतात. पावसाळ्यात चिखलातून आलात, तर नळ्या त्याच दिवशी पुसा. चिखल सीलमध्ये गेला की खर्च आलाच.

मग माझं काय झालं?

लाल सायकल निम्म्याहून कमी किमतीत गेली. दुखलं! काकांना बरोबर नेऊन १०० मिलिमीटरची, लॉकआउटवाली हार्डटेल घेतली. रंग करडा, दिसायला अगदीच साधी. मग एका रविवारी पुन्हा तोच घाट. पायथ्याशी लॉकआउटचा खटका फिरवला आणि निघालो. दोनदा थांबलो, एकदा चक्क रस्त्याकडेला बसलो. पण ढकलली नाही.

वर पोचलो तेव्हा ग्रुपमधल्यांचं दही संपत आलं होतं. माझ्यासाठी एक मटका ठेवला होता त्यांनी.