राणी मेल्यावर वारसदार कोण?

बहुतेक मुंग्यांची वसाहत राणीमागे हळूहळू संपते. भारतातल्या ‘हार्पेग्नॅथोस सॉल्टेटर’ या उड्या मारून शिकार करणाऱ्या मुंगीचं तसं नाही. राणी गेली की कामकरी मुंग्या स्पर्शिकांचे फटकारे मारत एकमेकींशी झुंजतात. ही झुंज महिनाभरही चालते. जिंकणाऱ्या मोजक्या जणी अंडी घालू लागतात. त्यांचे बीजांडकोश वाढतात, मेंदू सुमारे २५ टक्क्यांनी आकसतो आणि जेमतेम ७ महिन्यांचं आयुष्य ४ वर्षांपर्यंत लांबतं! त्याहून थक्क करणारी गोष्ट २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातली: अशा मुंगीला काही आठवडे एकटं ठेवलं, तर ती पुन्हा कामकरी होते आणि मेंदूही पूर्ववत वाढतो. कीटकाचा मेंदू असा आकसून पुन्हा वाढल्याची ही पहिलीच नोंद.