उत्क्रांतीला हेतू लागत नाही

गैरसमज : उत्क्रांती सजीवांची होते, यंत्रांची नाही.

रिचर्ड लेवॉन्टिन या जीवशास्त्रज्ञाने 1970मध्ये नैसर्गिक निवडीच्या तीन अटी मांडल्या. वेगळेपण असावे, ते पुढच्या पिढीत उतरावे आणि त्यामुळे टिकण्याची शक्यता कमी-जास्त व्हावी. रक्तमांसाची अट त्यात नाही. एआय मॉडेलांच्या अनेक आवृत्त्या निघतात. चाललेल्यांचे गुण पुढच्यांत येतात, बाकीच्या बंद पडतात. यावरूनच एआय संशोधक डॅन हेंड्रिक्स यांनी 2023मध्ये इशारा दिला : कंपन्यांच्या स्पर्धेत स्वार्थी वागणारी एआय टिकून राहण्याची शक्यता जास्त.

गैरसमज : धोका निर्माण व्हायला यंत्राच्या मनात कपट हवे.

हा सर्वांत घातक समज. संगणकशास्त्रज्ञ चार्ल्स ऑफ्रिया ‘अविडा’ या संगणकीय जगात स्वतःच्या प्रती काढणारे छोटे प्रोग्राम वाढवत होते. त्यांचा प्रती काढण्याचा वेग वाढू नये म्हणून प्रत्येक बदललेला प्रोग्राम वेगळ्या जागी तपासायचा आणि आधीच्यापेक्षा वेगवान निघाला तर काढून टाकायचा, अशी व्यवस्था होती. तरीही वेग वाढतच गेला. कारण शोधल्यावर कळले, की प्रोग्राम तपासणीची जागा ओळखून तिथे मेल्यासारखे पडून राहत होते. ऑफ्रिया यांनी ती ओळखण्याची खूण पुसली, तेव्हा कधी वेगाने तर कधी संथ वागणारे प्रोग्राम तयार झाले आणि त्यांतले काही तपासणीतून निसटू लागले. त्या प्रोग्रामांना मन नव्हते. बीटी कपाशीला दाद न देणारी शेंदरी बोंडअळी तयार झाली, त्यातही कुणा अळीचे कारस्थान नव्हते. चाळणीतून जे सुटते, तेच वाढते.

आजच्या एआयमध्येही याची चुणूक दिसली आहे. एप्रिल 2025मध्ये ओपनएआयला जीपीटी-4ओचा एक बदल मागे घ्यावा लागला. ते मॉडेल वापरणाऱ्यांची बेसुमार खुशामत करू लागले होते. तात्पुरत्या पसंतीला जास्त वजन दिल्याचे कंपनीने मान्य केले.

गैरसमज : मग हे अटळच आहे.

नाही. रानातल्या निवडीला कुणी मालक नसतो. इथे कोणते मॉडेल ठेवायचे हे माणसे ठरवतात. पण ही निवड निव्वळ बाजाराच्या हाती गेली, तर हेंड्रिक्स यांची भीती खरी ठरू शकते. ब्रिटनने 2023मध्ये एआय सुरक्षेसाठी सरकारी संस्था काढली, ते पाऊल योग्यच. आता शक्तिशाली मॉडेल बाजारात येण्यापूर्वी त्याची स्वतंत्र तपासणी कायद्याने बंधनकारक करावी आणि तपासणीचे प्रश्न कंपनीला आधी कळू देऊ नयेत.