नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

आपल्या व्यापारी बंधूंत एक समजूत फार दृढ आहे : ठेवीवर किंवा विमापत्रावर ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लिहिले, ती रक्कम त्याचीच झाली. या समजुतीपायी सख्खी नाती तुटतात.

माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी लग्नापूर्वी ठेवीवर धाकट्या भावाचे नाव घातले होते. पुढे संसार झाला, मुली झाल्या. नाव तसेच राहिले. त्यांच्या पश्चात रक्कम भावाच्या हाती गेली आणि त्याने ती आपलीच मानली. पंच म्हणून मी तेथे बसलो होतो. भाऊ लबाड नव्हता. त्याला कायदा ठाऊक नव्हता.

मी त्याला अडतीचे उदाहरण दिले. शेतकऱ्याच्या मालाचे पैसे प्रथम अडत्याकडे येतात, म्हणून ते अडत्याचे होत नाहीत. नॉमिनीचेही तसेच. त्याला रक्कम दिली की बँक मोकळी होते. मालकी मात्र मृत्युपत्राने, ते नसल्यास वारसा कायद्याने ठरते. आपणां जैनांस १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू आहे. पुरुष मयत झाल्यास विधवा, मुलगे, मुली आणि आई हे प्रथम वर्गाचे वारस होत. यांतील आईचा हिस्सा पुष्कळ जण विसरतात.

सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत हे तत्त्व १९८३ साली सांगितले. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर २०१३ साली निवर्तल्यावर उद्भवलेल्या वादात, शेअर व तत्सम गुंतवणुकीसही तेच लागू असल्याचा निर्णय १४ डिसेंबर २०२३ रोजी झाला. विमा कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पतिपत्नी व मुले नॉमिनी असल्यास लाभ त्यांना दिला आहे. तथापि वारसांनी हक्क सांगितल्यास तो वारसा कायद्याने ठरेल, असा अर्थ कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२५ साली लावला आहे.

तरी सभासदांनी चार गोष्टी कराव्यात. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर जेथे जेथे ठेवी असतील तेथील नावे तपासावीत. एका बँकेतील नोंद दुसरीस लागू होत नाही. लग्न, जन्म वा मृत्यू घडताच नाव बदलावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीस चार नॉमिनी हिश्श्यांसह नेमता येतात, त्याचा उपयोग करावा. आणि दोन साक्षीदारांसमक्ष सही करून मृत्युपत्र अवश्य करावे.

त्या भावाने पुढे सर्व रक्कम भावजय, पुतण्या व आईस दिली. दिवाळीला रोजमेळ मिळविणाऱ्या आपण या खात्याचाही मेळ हयातीतच घालावा, हेच उचित.