मामांच्या कॉम्प्युटरची साफसफाई

दिवाळीला पुण्याहून जळगाव-धुळ्याला आलेल्या भाच्याला फराळाच्या ताटाबरोबर एक काम हमखास मिळतं: ‘कॉम्प्युटर फार हळू चालतो रे, बघ जरा.’ मॉनिटरच्या कडेला पासवर्डची चिठ्ठी, पडद्याच्या कोपऱ्यात महिनोन्महिने ताटकळलेली अपडेटची सूचना.

या ताटकळण्याची किंमत २०१७ मध्ये कळली. विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. ते न घेतलेल्या संगणकांत १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस शिरला. २७ जूनला त्याच भगदाडाचा फायदा उठवणाऱ्या ‘नॉटपेट्या’ने न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत केलं.

आधी विंडोजचं वय बघावं. विंडोज ७ ची नेहमीची मोफत अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. मग फोटो, सातबाऱ्याच्या पीडीएफ वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती काढून ठेवावी. जोडलेली राहिली, तर खंडणीखोर व्हायरस तिलाही कुलूप लावतो. चिठ्ठी फाडू नये, कपाटात हलवावी.

खात्यातून पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन.