साबणाचा फुगा आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ

'सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही.' हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून ऐकले असेल. वर्गातल्या मुलांनीही ऐकलेले असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आईच्या पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाची जगण्याची शक्यता वाढवतो. हा समज निरुपद्रवीही नाही. आठव्यात कळा सुरू झाल्यावर 'आता काय उपयोग' म्हणून घरच्यांनी वेळ दवडला, तर वाचू शकणारे बाळ हातचे जाते.

आठवड्या-आठवड्याने असा फरक का पडतो? आपण प्रयोगशाळेतून सुरुवात करू. इंग्रजी 'टी' आकाराची एक काचनळी घ्या. तिच्या दोन टोकांवर साबणाच्या पाण्याचे दोन फुगे फुगवा, एक मोठा, एक लहान. (एक फुगवताना दुसऱ्या बाजूची रबरी नळी चिमट्याने दाबून धरावी लागते. आठ-दहा प्रयत्न फुकट जातील, हे गृहीत धरा.) मग तिसरे तोंड बंद करून दोन्ही फुग्यांमधला मार्ग मोकळा करा. दोन्ही फुगे सारखे होतील, असे मुले हमखास सांगतात. प्रत्यक्षात लहान फुगा आणखी लहान होतो आणि त्यातली हवा मोठ्यात जाते! पृष्ठताणामुळे फुग्याच्या आत जो जादा दाब असतो, तो त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी, तर दाब दुप्पट.

आता फुप्फुसाकडे वळू. त्यात लक्षावधी सूक्ष्म वायुकोश असतात आणि प्रत्येकाला आतून पाण्याचा पातळ थर असतो. म्हणजे हेही एक प्रकारचे फुगेच. श्वास सोडताना ते लहान होतात. मग आपल्या प्रयोगाप्रमाणे ते मिटून का जात नाहीत? १९२९ साली कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी फुप्फुस एकदा हवेने आणि एकदा द्रवाने फुगवून पाहिले. द्रवाने फुगवायला दाब बराच कमी लागला. द्रव भरला की हवा आणि पाणी यांच्यामधला पृष्ठभागच उरत नाही. म्हणजे श्वास घेताना आपली बरीच लढाई पृष्ठताणाशी असते. ती सोपी करणारा, मुख्यतः स्निग्ध रेणूंचा बनलेला एक पदार्थ वायुकोशातल्या पेशीच तयार करतात. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. वायुकोश आकसला की हे रेणू दाटीवाटीने जवळ येतात आणि पृष्ठताण आणखी घटतो. त्यामुळे लहान कोश तग धरतात.

मात्र हा पदार्थ पुरेसा तयार व्हायला गर्भारपणाचे साधारण ३४-३५ आठवडे जावे लागतात. त्याआधी जन्मलेल्या बाळाचे वायुकोश दर उच्छ्वासाला मिटू पाहतात आणि प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतका कष्टाचा होतो. बरगड्या आत ओढल्या जातात, बाळ कण्हू लागते आणि शेवटी दमते. अशा बाळांच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट कमी असते, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवले. कारण कळले तरी उपाय हाती नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोच्या वर होते, तरी दोन दिवसांच्या आत तो याच विकाराने गेला. आज एवढे बाळ बहुधा वाचते.

मधल्या काळात काय बदलले? न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांवर संशोधन करताना लिगिन्स यांना स्टेरॉइड दिलेली, खूप लवकर जन्मलेली कोकरे अपेक्षेपेक्षा जास्त काळ श्वास घेताना दिसली. लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवले की, लवकर प्रसूती होईलसे दिसताच आईला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली, तर बाळाचे फुप्फुस लवकर तयार होते. मात्र इंजेक्शन आणि जन्म यांमध्ये एखादा दिवस मिळाला, तर पुरता फायदा. दवाखान्यात वेळेवर पोचण्याचे मोल इथे कळते. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून बनवलेले सर्फॅक्टंट थेट बाळांच्या श्वासनलिकेत सोडले आणि गुण आला.

काचेच्या पेटीतली ऊब, नळीने दूध, जंतूंपासून जपणूक हे सारे आवश्यकच. ऊब द्यायला आईच्या उघड्या छातीशी बाळ बांधण्याची रीत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, आणि ती आता जगभर रुजली आहे. ऑक्सिजन मात्र मोजूनच द्यावा लागतो, कारण त्याचा अतिरेक झाला तर दृष्टी जाऊ शकते.

आम्हाला सर्वांत आवडते ते बुडबुड्यांचे यंत्र. बाळ कण्हते म्हणजे काय करते? कंठ थोडा मिटून हवा आत अडवते, वायुकोश मिटू नयेत म्हणून! हेच काम बाहेरून करता येते. बाळाच्या नाकात हवा सोडायची आणि बाहेर जाणाऱ्या नळीचे टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवायचे. टोक पाच सेंटिमीटर खोल असेल, तर हवेला तेवढ्या पाण्याचा दाब ओलांडूनच बाहेर पडावे लागते आणि तोच दाब वायुकोश उघडे ठेवतो. शाळेतला द्रवाच्या दाबाचा धडा इथे पाळण्याशेजारी उभा असतो. बाटलीत बुडबुडे येत आहेत ना, यावर परिचारिका लक्ष ठेवून असतात. ते थांबले, तर बहुधा नाकाशी किंवा नळीत कुठेतरी हवा गळत असते.