छातीत कळ, दारात कार, मग १०८ कशाला?

मागच्या भागानंतर बोदवडहून एका मित्राचा व्हॉइस मेसेज आला. "भाऊ, घरची गाडी दारात उभी असताना १०८ची वाट कशाला बघायची?"

प्रश्न रास्त आहे. आमच्या घरीही तेच झालं होतं. हिवाळ्याचे दिवस, भरीत-पुरीचं जेवण, रात्री काकांच्या छातीत दुखायला लागलं. 'गॅस असेल' म्हणून आधी ओवा, मग सोडा. दरदरून घाम फुटला तेव्हा चुलतभावाच्या कारमध्ये मागच्या सीटवर बसवलं. अर्ध्या रस्त्यात काका गप्प झाले. गाडीत आम्ही चौघं, आणि काय करायचं ते एकालाही माहीत नव्हतं. काका वाचले नाहीत.

हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनीत गुठळी अडकते, हे आपण ऐकलेलं असतं. पण पहिल्या तासात जीव जातो तो बऱ्याचदा ठोक्यांची लय बिघडल्यामुळे. हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे ढकलत नाही. त्यावर उपाय म्हणजे विजेचा शॉक, आणि तोवर छाती दाबत राहणं. तेही झालं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून १९६६मध्ये बेलफास्टच्या डॉ. फ्रँक पॅन्ट्रिज यांनी शॉकचं मशीनच रुग्णाच्या दारी न्यायला सुरुवात केली. कारच्या बॅटरीवर चालणारं ते धूड ७० किलोंचं होतं!

आपल्याकडे १०८ सेवा २०१४मध्ये सुरू झाली. फोन लागतो पुण्याच्या केंद्रात, आणि गाडीत ड्रायव्हरसोबत डॉक्टर असतो. एएलएस गाडीत मॉनिटर, शॉकचं मशीन, व्हेंटिलेटर असतं. बीएलएस त्यामानाने साधी. डॉक्टर ईसीजी बघतो, चालत असेल तर अ‍ॅस्पिरिन चावायला देतो आणि मुख्य म्हणजे कुठे न्यायचं ते ठरवतो. अँजिओप्लास्टी दोन तासांत होण्यासारखी नसेल, तर जवळच्या दवाखान्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी आणि पुढचा प्रवास नंतर. हा हिशोब आपल्याला मागच्या सीटवर बसून जमत नाही.

आता खरं बोलू. कधीकधी गाडी लांब असते. म्हणून आधी फोन, निर्णय नंतर. किती वेळ लागेल ते विचारा. कारनेच निघायची वेळ आली, तर छाती दाबता येणारा माणूस मागे बसवा. बाइकवर मधे बसवून तर अजिबात नेऊ नका.

आणि १०८ येणार असेल, तर बाहेरचा दिवा लावा, एकाला टॉर्च घेऊन फाट्यावर उभं करा. आमच्या गल्लीत रात्री घर सापडत नाही.